देवचाराचे सोंग

पाद्री मार्सेलने विचारले, तुमच्या बोलीत
सैतानाला काय म्हणतात?
मी तेव्हा रायतूरच्या छापखान्यात
शिशाचे खिळे जुळवीत होतो,
मराठी ओवी, फिरंगी अक्षरांत.
ळ ला खिळा नव्हता.
कमळाचे कमल व्हायचे, आणि काळाचे काल.
मान वर न करता म्हणालो, देवचार.

त्याने वहीत उतरवून घेतले, वर वाळू शिंपडली.
मी सांगितले नाही
की आमच्याकडे देवचार शेताचा बांध राखतो,
खांद्यावर घोंगडी, हातात दांडा,
वाट चुकलेल्या गुराख्याला घरापर्यंत सोडतो,
आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात
म्हणून वर्षाकाठी नव्या ठेवायच्या असतात, वडाखाली.
विचारले असते तर सांगितले असते.
कदाचित.

सणाला कोलेजीच्या अंगणात नाटक ठरले.
संत लातीनमध्ये बोलणार, देवदूत लातीनमध्ये गाणार.
सैतानाला तेवढी इथली भाषा दिली,
लातीन त्याच्या तोंडी शोभेना.
सोंग माझ्याकडे आले: मी काळा, आवाज मोठा,
आणि आजा माझा काल्यात नाचलेला,
हे कुणीतरी जाऊन सांगितलेच होते.

सामान आमच्याकडे उरले नव्हते.
देव नदीपार गेले तेव्हा पेटाराही गेला.
रात्री ओहोटी बघून होडी घातली,
शिरोड्याला पुरसोमामाच्या दारात उभा राहिलो,
गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत ढकलून.
मामाने तो पाहिला, पाहिला नाही असे केले.
पाणी दिले, पण वरून, ओंजळीत.
मग पेटारा उघडला. कापूर, वाळवी, जुना घाम.
घोंगडी काढली, घुंगुर बांधलेला दांडा काढला.
‘मरशील तेव्हा पालथा पडू नकोस,’ म्हणाला,
‘सोंग मेले तरी तोंड लोकांकडे हवे.’

साष्टीतली गावेच्या गावे आली.
संत तासभर बोलला.
बायकांनी पोरे पाजली, म्हाताऱ्यांनी पाने जुळवली,
एक कुत्रा देवदूताच्या पायरीवर झोपला.
मग दांड्याचे घुंगुर वाजले
आणि अंगण गप्प.

मी काळोखाचा जुना व्यापारी ।
गोणी टाकोनि बैसलों दारीं ।
भुकेल्या जीवा, ये झडकरी ।
उधार देईन ॥

‘उधार’वर मागे कुणी हसले, मग सगळेच.
हसू ओसरले तेव्हा लक्षात आले,
एवढ्या वेळात पहिल्यांदा कुणाला काही कळले होते.
आणखी अकरा ओव्या म्हटल्या. चार लिहिलेल्याच नव्हत्या.
देवदूताने भाला उगारला.
ठरल्याप्रमाणे पडलो, उताणा, तोंड लोकांकडे.
आणि खांबामागून
आंजेलिनामावशी (जुने नाव सांगत नाही)
मोठ्याने रडली. तिच्यामागून दुसरी. मग मोजता येईना.

पाद्री मार्सेलचेही डोळे भरले.
पापाचा पराभव बघून किती विरघळली ही माणसे, म्हणाला,
आणि तेही वहीत लिहिले.

पहाटे मंडप सोडायला गेलो.
फळ्यांवर, पडलो होतो बरोबर तिथे,
एक रोट, अर्धी विझलेली दिवटी,
करवंटीत माडाची सूर,
आणि वहाणा. नव्या, करकरीत, तेल लावलेल्या.

जिन्यावर झग्याची सळसळ.
दिवटी पायाने सारली, रोट कमरेला खोचला,
सूर पिऊन टाकली.
वहाणा लपवायला जागा नव्हती.
कुणाच्या? पाद्रीने विचारले.
माझ्या, म्हणालो, आणि पाय घातले.

दोन बोटे मोठ्या होत्या.
छापखान्यापर्यंत फटफट वाजत गेलो
आणि ळ हवा तिथे
ल लावत बसलो.